पाणी एकटे येत नाही

माझी पुतणी दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन सासरी गेली. माहेर कृष्णेच्या काठावरचे, सासर तिथून चार-पाच कोसांवरचे. लग्नाच्या आधीच सासरच्या मंडळींनी गावातले जुने घर सोडून मळ्यात नवे घर बांधले होते आणि दारातच बोअर मारली होती. घर चांगले, माणसे मायाळू. पण पंधरा दिवसांतच पोरीला एक बोल लागला. तिची डाळ शिजेना. तूरडाळ भिजत घातली, कुकरच्या आठ-आठ शिट्ट्या झाल्या, तरी पाणी वर आणि डाळ खाली. पाव्हण्यांच्या पंगतीत कोणीतरी म्हणाले, "माहेरी चुलीजवळ बसायची सवय नव्हती वाटतं." पोर खाली मान घालून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः पदर खोचला आणि कुकर लावला. त्यांचीही डाळ तशीच. तेव्हा त्या म्हणाल्या, "सूनबाई, तीस वर्षं या हातानं वरण केलं. हात तोच, डाळ आपल्याच रानातली. मग बदललं काय?"

"आत्याबाई, पाणी बदललंय," पुतणी म्हणाली.

पुढच्या खेपेस मी गेलो तेव्हा तिच्या सांगण्यावरून नदीच्या पाण्याचा एक कॅन बरोबर नेला. एकाच डब्यातली डाळ, एकाच आकाराची दोन भांडी, एकात नदीचे पाणी, दुसऱ्यात बोअरचे. नदीच्या पाण्यातली डाळ बोटाने दाबताच मऊ झाली. बोअरच्या पाण्यातली दाताखाली कचकच वाजली. सुनेवरचा बोल गेला. पण जेवण झाल्यावर व्याह्यांनी मला रानाकडे नेले आणि खालच्या अंगाचे अर्धा एकर वावर दाखवले. उसाची पाने शेंड्याकडून करपलेली, वरंब्यावर पांढरी भुकटी. ते म्हणाले, "पाव्हणं, डाळीचं कोडं तुम्ही सोडवलं. आता ह्याचं सांगा."

वाचकहो, या दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे. मात्र ते नीट समजायचे तर पाणी म्हणजे मुळात काय, इथून सुरुवात करावी लागेल.

दोन वायूंचे पाणी

पंचमहाभूतांत आपण पाण्याला एक मूळ तत्त्व मानत आलो. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत तसेच मानत. पुढे १७८० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने हायड्रोजन नावाचा वायू बंद भांड्यात जाळून पाहिला, तेव्हा भांड्याच्या आतल्या अंगाला दव जमले. ते दव म्हणजे शुद्ध पाणी होते. फ्रान्सच्या लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने १७८३ साली सांगून टाकले की पाणी हे मूलतत्त्व नव्हे, ते दोन वायूंच्या संयोगाने झालेले आहे. एक हायड्रोजन, जो स्वतः जळतो. दुसरा ऑक्सिजन, जो दुसऱ्याला जळायला मदत करतो. आणि दोघे मिळून जे होते, त्याने आपण आग विझवतो! नऊ किलो पाणी घेतले तर त्यात आठ किलो ऑक्सिजन आणि एक किलो हायड्रोजन असतो.

पाण्याचा सर्वांत लहान कण, म्हणजे रेणू, कसा दिसतो? मध्ये ऑक्सिजनचे एक डोके आणि त्याला हायड्रोजनचे दोन कान, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. हे कान समोरासमोर नसतात, दोन्ही एकाच अंगाला झुकलेले असतात. त्यामुळे डोक्याकडे थोडा ऋण विद्युतभार आणि कानांकडे थोडा धन विद्युतभार राहतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, हे आपण शाळेत शिकलो. म्हणून एका रेणूचा कान शेजारच्या रेणूच्या डोक्याला चिकटतो, त्याचा कान पुढच्याला. जत्रेत चुकू नये म्हणून पोरे एकमेकांचा हात धरून चालतात, तसे पाण्याचे कण सदैव हात धरून असतात. एक हात सुटला की लगेच दुसरा धरतात.

एवढ्याशा गोष्टीतून पाण्याचे सगळे गुण निघतात. हात धरलेले असल्यामुळे पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. जळगावकडे थंडीची लाट आली की केळीच्या बागेला रात्री पाणी देतात, ते याच गुणामुळे. ओली जमीन दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवते. हात सोडवून वाफ व्हायचे तर पाण्याला पुष्कळ उष्णता लागते. ती उष्णता ते जवळच्या वस्तूतून घेते. माठातले पाणी गार होते ते माठातून पाझरणाऱ्या पाण्याची वाफ होते म्हणून. उन्हात नांगर धरणाऱ्या माणसाच्या अंगावरचा एक लिटर घाम वाळला, तर साडेसात लिटर गार पाणी उकळीला आणायला लागेल एवढी उष्णता तो अंगातून घेऊन जातो. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती बिचारी डबके शोधते.

आणि झाडाचे पाहा. नारळाच्या शेंड्यापर्यंत पाणी कोणता पंप चढवतो? पानांतून पाण्याची वाफ उडते, उडणारा कण मागच्या कणाला ओढतो, तो त्याच्या मागच्याला. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा एक न तुटणारा दोर असतो आणि ऊन तो वरून ओढत असते.

खडा कोठे जातो?

पण पाण्याचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. पाणी विरघळवते.

तेलात मिठाचा खडा टाका, तो तसाच पडून राहील. पाण्यात टाका, दिसेनासा होईल. मीठ हे सोडियम आणि क्लोरीन यांचे बनलेले. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. पाण्याचे रेणू सोडियमला डोक्याने आणि क्लोरीनला कानांनी वेढा घालतात आणि खड्यातून एकेक कण उचलून नेतात. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तसे. शंभर ग्रॅम पाणी असे सुमारे ३६ ग्रॅम मीठ पोटात घालते, आणि तरी वरून स्वच्छच दिसते.

आता पावसाचा थेंब घ्या. ढगातून निघताना तो जवळजवळ शुद्ध असतो. वाटेत हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि थेंब किंचित आंबट होतो. मातीतून मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला हाच वायू त्याला आणखी मिळतो. असे आंबटसर पाणी काळ्या पाषाणाला आणि चुनखडीला हळूहळू खाते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोबत घेते. पाणी जितके खोल जाईल आणि जितके दिवस दगडात राहील, तितके त्याचे ओझे वाढते. नदीचे वाहते पाणी चार दिवसांचे प्रवासी, तर बोअरचे पाणी कित्येक वर्षांचे मुक्कामी. म्हणून शेजारशेजारच्या दोन पाण्यांतही जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता डाळीचे कोडे सुटले. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. मऊ पाण्यात शिजताना तो सुटतो आणि डाळ घोटली जाते. जड पाण्यातले कॅल्शियम मात्र त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधते. मग शिट्ट्या किती का होईनात! साबणाला फेस न येणे, कपड्यांवर चिकट राप बसणे, पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरणे, ही सगळी त्याच कॅल्शियम-मॅग्नेशियमची करणी.

विरघळले तरच जिवाला मिळते

मग पाण्याचा हा गुण वाईट म्हणायचा काय? नव्हे. याच गुणावर सारी सजीव सृष्टी उभी आहे.

कणगीतली ज्वारी शंभरात दहा-बारा भाग पाण्यावर वर्षभर निपचित पडून राहते. तीच ओल्या मातीत पडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब काढते. दाण्यात अन्न होतेच, जीवही होता. पण ते अन्न विरघळवून कोंबापर्यंत नेणारे कोणी नव्हते. पिकाच्या मुळाला तोंड नसते, दात नसतात. युरियाची गोणी शेतात ओतली तरी कोरड्या रानात मूळ त्यातला एक दाणा घेऊ शकत नाही. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह, जे काही पिकाने घ्यायचे ते पाण्यात विरघळूनच.

झाड पाणी नुसते पीत नाही, ते पाणी फोडतेही. उन्हाच्या जोरावर हिरवे पान पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन काढून घेते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जोडते आणि साखर बनवते. उरलेला ऑक्सिजन हवेत सोडून देते. हा ऑक्सिजन पाण्यातूनच येतो, हे १९४१ साली अमेरिकेत रूबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी खुणेचा जड ऑक्सिजन वापरून दाखवले. म्हणजे उसातला गोडवा आणि आपला श्वास, दोन्हींचे एक मूळ पाण्यात आहे.

माणसाच्या शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी. नुकत्याच जन्मलेल्या बाळात ते शंभरात पंचाहत्तर भाग. गाईच्या दुधात सत्त्याऐंशी भाग. रक्त म्हणजे तरी काय? मीठ, साखर, प्रथिने, लोह घेऊन घरोघर फिरणारे पाणीच. परतताना तेच पाणी शरीरातला केर उचलते आणि मूत्रपिंडांतून बाहेर नेते. येताना शिदोरी आणायची, जाताना केर न्यायचा, असा हा फेरा आहे. यातली जायची वाट बंद झाली तर काय होते, ते ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको.

हगवण लागलेले बाळ

माय-बहिणींनो, पाणी एकटे येत नाही याचा सर्वांत मोलाचा दाखला बाळाच्या हगवणीत मिळतो.

हगवणीत बाळाच्या अंगातून पाणी जाते आणि पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते साधे पाणी पाजले तर गेलेले मीठ भरून येत नाही, आणि आजारी आतडे तेही पाणी नीट शोषत नाही. पण आतड्याच्या भिंतीत एक दार असे आहे, जे सोडियम आणि साखर जोडीने आले तरच उघडते. त्या जोडीमागोमाग पाणी आत शिरते. हगवण चालू असतानाही हे दार बहुधा शाबूत राहते.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून रुग्णांच्या नातेवाइकांकडे दिले आणि पाजायला सांगितले. जिथे शंभरातले पंचवीस-तीस दगावत होते, तिथे मृत्यूचे प्रमाण शेकडा चाराच्याही खाली आले. डॉ. महालनोबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आज आरोग्य केंद्रात ओआरएसची पुडी मिळते. ती घरात असावीच. ती नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून ढवळावे. चव पाहावी. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा ते खारट लागता कामा नये. घोट घोट पाजत राहावे आणि आईचे दूध थांबवू नये. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, रक्त पडले किंवा पोटात काही ठरेना, तर मात्र घरी बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

पाणी जाते, मीठ राहते

आता व्याह्यांच्या वावराकडे वळू. त्याआधी घरात एक सोपा प्रयोग करा. स्वच्छ काळ्या दगडावर किंवा काचेवर पावसाचे पाणी चमचाभर आणि शेजारी बोअरचे पाणी चमचाभर ओता. उन्हात वाळू द्या. पावसाच्या पाण्याची खूण उरणार नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे वळे उरेल. पाणी वाफ होऊन वर गेले, त्याने आणलेले क्षार मात्र इथेच राहिले. जुन्या माठाच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो तो हाच.

हा प्रयोग निसर्गाने फार मोठ्या प्रमाणावर बुलढाणा जिल्ह्यात करून ठेवला आहे. लोणारचे सरोवर काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेल्या खळग्यात आहे. खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद. काठावरच्या झऱ्याचे पाणी गोडे आहे, पाऊसही गोडाच पडतो. तरी मधले सरोवर खारे आणि साबणासारखे अल्कधर्मी. असे का? कारण सरोवराला आत यायच्या वाटा आहेत, बाहेर जायची वाट नाही. पाणी येते, थोडे क्षार आणते आणि वाफ होऊन निघून जाते. हजारो वर्षांचे क्षार साठत राहिले. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याची बातमी आपण वाचली असेल. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्म जीव माजले, त्यांचा तो रंग होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले.

शेतकरी बंधूंनो, ज्या वावराला पाणी भरपूर येते पण निचऱ्याची वाट नाही, ते वावर म्हणजे छोटे लोणारच.

हिशेब करून पाहू. एक एकर उसाला एका पाळीला तीन इंच पाणी दिले, तर ते सुमारे तीन लाख लिटर होते. विहिरीच्या पाण्यात दर लिटरला एक ग्रॅम क्षार असेल, तर एका पाळीला तीनशे किलो क्षार शेतात आले. पन्नास किलोची सहा पोती! आपण खताच्या पोत्यांचा हिशेब वहीत लिहितो, या पोत्यांचा कोणी लिहीत नाही. पाणी पिकाने घेतले आणि वाफ होऊन गेले, क्षार राहिले. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते धुऊन खाली जातात. निचरा नसेल तर जमिनीखालचे पाणी वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे मातीच्या बारीक छिद्रांतून ते पृष्ठभागापर्यंत येते, वाळते आणि वरंब्यावर पांढरे मीठ सोडते. नीरेच्या खोऱ्यात कालव्याखालच्या जमिनी अशा बिघडल्याचे विसाव्या शतकाच्या आरंभीच ध्यानात आले होते. सांगली-कोल्हापूर भागात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी आपण आज डोळ्यांनी पाहतोच.

ओल आहे तरी ऊस का करपतो? याचे उत्तर लोणच्याच्या बरणीत आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की त्यांना पाणी सुटते. जिथे मीठ जास्त तिथे पाणी ओढले जाते. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळाला पाणी ओढणे जड होते. पायाशी पाणी असून पीक तहानेने मरते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तहानलेला नावाडी ते पिऊ शकत नाही, तसेच हे.

क्षारपड आणि चोपण यात फरक आहे

इथे पुष्कळ जण फसतात. व्याह्यांना शेजाऱ्याने सल्ला दिला होता, "दहा पोती जिप्सम टाक, रान सुधारेल." मी म्हणालो, "आधी माती तपासून घ्या."

जमीन दोन तऱ्हेने बिघडते. एकीत विरघळणारे क्षार साठतात. वर पांढरे मीठ दिसते, पण माती भुसभुशीत असते. ही क्षारयुक्त जमीन. हिला निचरा द्यायचा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे. इथे नुसत्या जिप्समचा उपयोग नाही, ते स्वतःच एक क्षार आहे. दुसरीत मातीच्या कणांवर सोडियम चढून बसतो. माती ओली असता साबणासारखी निसरडी, वाळली की दगड. पाणी वर तळे करून राहते, मुरत नाही. ही चोपण जमीन. इथे जिप्सम कामाला येते. त्यातले कॅल्शियम सोडियमला कणावरून उठवते आणि स्वतः तिथे बसते. मात्र उठलेला सोडियम धुऊन न्यायला इथेही निचरा लागतोच. काही जमिनींत दोन्ही दोष एकत्र असतात.

डोळ्यांनी दर वेळी ओळखता येत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात दोन आकडे पाहावेत. विद्युतवाहकता ४ च्या वर असेल तर क्षार जास्त. सामू साडेआठच्या वर असेल तर चोपणाची शंका घ्यावी आणि सोडियमचे प्रमाण विचारावे. कर्नाल येथे १९६९ पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था याच विषयावर काम करते आहे, आपल्या कृषी विद्यापीठांतही तज्ज्ञ आहेत. त्यांना विचारण्यात कमीपणा नाही.

घरी आणि रानी काय करावे

पिण्याचे आणि शेतीचे पाणी वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतात, असे भारतीय मानक सांगते. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या पुढे नको. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत ते जास्त आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसू लागले तर पाणी तपासावे.

नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या पुढे नको. खताचा अतिरेक आणि विहिरीशेजारचा उकिरडा, ही त्याची दोन मोठी कारणे. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाचे अंग अशा पाण्याने निळसर पडते. लक्षात ठेवा, उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने ते उलट वाढते. म्हणून उकिरडा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा.

डाळीसाठी पाणी आधी खळखळून उकळावे, गार करावे आणि तळाचा गाळ मागे ठेवून वरचे वापरावे. काही पाण्यांचा जडपणा एवढ्याने उतरतो, काहींचा उतरत नाही. चिमटीभर खाण्याचा सोडा चालतो, पण सवय नको, त्याने डाळीतले जीवनसत्त्व नासते. सर्वांत सोपे म्हणजे पत्र्यावरचे पावसाचे पाणी. पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्यावेत, मग गाळून झाकणाच्या टाकीत साठवावे आणि उकळून वापरावे.

रानात पाणी मोजून द्यावे. ठिबक असेल तर उत्तम, पण ठिबकनेही ओलीच्या कडेला क्षार साठतात, हे विसरू नये. चर बुजू देऊ नयेत. जिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा, तिथे एकट्याने भागत नाही. पाण्याला उताराने नाल्यापर्यंत जायचे असते आणि वाटेत चार जणांची रानं असतात. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे काम केले आणि पडीक रानात पुन्हा पीक घेतले.

पुढे काय झाले

व्याह्यांचा अहवाल आला. क्षार जास्त, सामू साडेआठच्या आत. म्हणजे जमीन क्षारयुक्त. जिप्समचे पैसे वाचले, पण निचऱ्याचा चर काढायचा तर तो भावकीच्या बांधातून जाणार. त्या बांधावरून वीस वर्षांचे वैर! व्याही म्हणाले, "त्याच्या दारात मी जाणार न्हाई."

तेव्हा पुतणी म्हणाली, "मामंजी, त्यांच्याही रानाच्या कडेला पांढरं दिसायला लागलंय. पाण्याला बांध कळत न्हाई." दुसऱ्या दिवशी सासूबाई तिला बरोबर घेऊन चुलत जावेकडे गेल्या. दोन बायका दोन तास बोलल्या. गेल्या वर्षी मृगाआधी दोघा भावांनी निम्म्या-निम्म्या खर्चाने चर खणला. पावसाळ्यात धैंचा पेरून गाडला, पावसाचे पाणी बांध घालून रानात उभे केले आणि चरातून सोडून दिले. यंदा तिथे ऊस नाही, गहू आहे. सगळा सारखा नाही, मधे दोन-तीन ठिकाणी अजून टक्कल आहे. रान बिघडायला पंधरा वर्षे लागली, सुधारायला एक पावसाळा कसा पुरेल? पण पांढरी भुकटी वरंब्यावरून हटली आहे.

आणि घरात? डाळीच्या पाण्यासाठी पत्र्याखाली टाकी बसली आहे. परवा मी गेलो तेव्हा तीन शिट्ट्यांत वरण झाले. चुलत जाऊबाई पंगतीला होत्या.

पाणी येताना काहीतरी घेऊन येते. म्हणून ते येताना काय आणते हे पाहावे आणि त्याला जायला वाट ठेवावी.